वेबसाइट आहे, पण ऑर्डरी फोनवरच येतात: देवगडच्या एका बागायतदाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यात घरची हापूसची बाग. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या मुलाकडून वेबसाइट करून घेतली, तिच्यावर आंब्याबरोबर कोकम आगळ, काजूगर आणि फणसपोळीही ठेवली. दोन हंगाम गेले, वेबसाइटवरून ऑर्डरी आल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळा व्यवहार फोन आणि व्हॉट्सॲपवर. आता एक एजन्सी म्हणतेय, महिना 15 हजार द्या, सहा महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आणतो. पैसे द्यावेत का? आणि द्यायचे नसतील तर वेबसाइट वर आणायची कशी?

मी कोकणातल्या लहान धंद्यांच्या वेबसाइटी करतो आणि सांभाळतो. आंबेवाले, होमस्टेवाले, मसालेवाले अशी मंडळी. उत्तर लांबलं आहे, पण हंगामाला अजून अवकाश आहे, तेव्हा सवडीने वाचा.

तुमच्या प्रश्नातलंच एक वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय, 'लोक वेबसाइट बघतात आणि मग फोन करून भाव विचारतात.' म्हणजे लोक येतायत. येतात, पाहतात, हवं ते सापडत नाही म्हणून फोन लावतात. ज्यांनी फोन केला ते निदान तुम्हाला भेटले तरी. जे न बोलता परत गेले त्यांची नोंद कुठेच नाही. अशा वेबसाइटवर एजन्सीने उद्या आणखी हजार माणसं आणून सोडली तर काय होईल? एप्रिलमध्ये तुम्ही बागेत काढणीवर उभे असाल आणि खिशातला फोन 'भाव काय, पुण्याला कधी येईल' असं विचारत दिवसभर वाजत राहील. गूगलवर कितवा नंबर लागतो हे नंतर बघू. आधी जे येतायत त्यांना ऑर्डर देता येते का, ते बघू.

त्याच्याही आधी एक गणित तुमचं तुम्हीच मांडायचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या बागेतल्या किती पेट्या आज थेट ग्राहकाकडे जातात आणि किती वाशीला दलालाकडे? सगळाच माल ओळखीच्या गिऱ्हाइकांत संपत असेल तर प्रचारावर एक रुपयाही घालू नका. वेबसाइट नीटनेटकी ठेवा म्हणजे झालं. पण निम्मा माल वाशीला जात असेल, आणि तो थेट विकला तर पेटीमागे चारशे-पाचशे रुपये जास्त सुटत असतील, तर असल्या शंभर पेट्या वळवण्यासाठी किती खर्च परवडेल याचा आकडा तुमच्या हातात येतो. तो आकडा हातात नसताना एजन्सीशी बोलायला बसू नका. शिवाय थेट विक्री म्हणजे पॅकिंग, पार्सल, तक्रारी, पैसे परत करणं, हे सगळं आलं. घरात ते बघणारं माणूस आहे का, हाही हिशेबाचाच भाग.

आता तुमची वेबसाइट. मी ती मुद्दाम मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडली, कारण तुमचं गिऱ्हाईक ती तशीच उघडणार.

पहिलंच चित्र विकतच्या फोटोसंग्रहातलं आहे, आणि त्यातला आंबा परदेशी जातीचा, लालभडक गालांचा. हापूस ओळखणारा माणूस तो फोटो बघून काय समजेल? ज्या बाजारात कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतो आणि गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका 'हा खरा देवगडचाच ना' हीच असते, तिथे तुम्ही दारातच परका आंबा टांगून ठेवलाय. तो आज काढा. त्या जागी तुमच्या बागेतला फोटो हवा: कातळावरची कलमं, घळाने (टोकाला जाळी असलेल्या काठीने) देठासकट उतरवलेली फळं, अढीत लावलेला आंबा, पेटी भरणारे हात. फोटो जरा वाकडा असला, उजेड कमी असला तरी बिघडत नाही. तुमच्याकडे फोटो आहेतच, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला रोज टाकता. तेच वेबसाइटवर का नाहीत?

फोटो चढवण्यापूर्वी मात्र लहान करा. मोबाइलमधून निघालेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तुमच्या पहिल्या पानावर सरकणारे सहा फोटो तसेच्या तसे चढवलेत, त्यामुळे पान उघडायला इतका वेळ लागतो की माणूस मधेच मागे फिरतो. रुंदी 1200 ते 1600 पिक्सेल, वेबपी फॉरमॅट, दीडशे-दोनशे केबीच्या आत. एवढ्यात फोटो छान दिसतो. तो सरकता पट्टा काढूनच टाका, एक चांगला फोटो पुरे. गूगलची पेजस्पीड इनसाइट्स नावाची फुकट तपासणी आहे, तिच्यात आपला पत्ता टाकून बघा. पानावरचा मुख्य मजकूर किंवा फोटो अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. तिथले सगळे आकडे हिरवे करण्याच्या नादाला लागू नका, पण लाल तरी राहू देऊ नका.

दुसरी गोष्ट दरपत्रकाची. 'आमचे दर' या पानावर कॅनव्हात केलेलं एक रंगीत चित्र आहे, आणि दर त्या चित्राच्या आत आहेत. मोबाइलवर ते वाचायला दोन बोटांनी ताणावं लागतं. दर बदलला की नवीन चित्र करायला त्या मुलाला फोन करावा लागतो. तो वेळेवर उचलत नाही, म्हणून आज तिथे गेल्या मे महिन्याचे दर दिसतात. लोक फोन करून भाव विचारतात त्याचं कारण दुसरं काही नाही, हे चित्रच आहे. चित्राच्या जागी साधा लिहिलेला तक्ता घाला. किती डझनाची पेटी, फळाचं साधारण वजन किती ग्रॅम, दर किती, पार्सल खर्च धरून की वेगळा. वर एक ओळ: 'दर अमुक तारखेचे'. हंगामात दर आठवड्याला बदलतात हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, त्याची त्याला तक्रार नसते. बरेच बागायतदार म्हणतात, दर लिहिले की शेजारचा बघून पाच रुपये कमी करतो. करू दे. शेजाऱ्याला तुमचे दर तसेही ठाऊक असतात. ते ठाऊक नसतात फक्त गिऱ्हाइकाला.

वजनाचं वेगळं सांगतो. डझनाच्या भावावर शहरातला माणूस फसतो, कारण एका पेटीतला आंबा दीडशे ग्रॅमचा आणि दुसरीतला पावणेतीनशेचा. तुम्ही आकारवार वजन लिहिलंत, आणि प्रत्येक आकाराचं फळ वजनकाट्यावर ठेवून काढलेला एकेक फोटो शेजारी दिलात, तर स्वस्त विकणाऱ्याशी तुलना करताना गिऱ्हाईक आपोआप तुमच्या बाजूला येतं. मला विचाराल तर अख्ख्या वेबसाइटवर विक्रीसाठी सर्वांत उपयोगी जागा हीच.

तिसरी, ऑर्डरचं पान. मी चाचणीसाठी एक पेटी घेऊन पुढे जाऊन पाहिलं. आधी खातं उघडा, पासवर्ड ठेवा, ईमेल पडताळा. वर्षातून दोन पेट्या घेणाऱ्या माणसाला खातं कशाला? ते बंद करा. तुमची वेबसाइट वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायच्या सोयीवर) आहे, तिथे पाहुणा म्हणून खरेदी करू देण्याची सोय सेटिंगमध्ये एका टिचकीवर आहे. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल, यूपीआय, झालं. पिनकोड मात्र सर्वांत आधी विचारा. सगळं भरून झाल्यावर शेवटी 'तुमच्या भागात सेवा नाही' असं आलं की माणूस चिडतो, आणि ते रास्तच आहे. तुमचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जात असेल तर तसंच लिहा: सोमवार आणि गुरुवारी निघतं, पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी, अमुक ठिकाणाहून घरपोच की स्वतः न्यायचं. या एका ओळीसाठी तुम्हाला किती फोन येतात ते मोजून बघा.

त्याच पानावर आणखी एक खोड सापडली, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मोबाइल नंबरचा रकाना फक्त दहा आकडे घेतो, आणि पैसे भरायला फक्त यूपीआय. आता आंबा कोण मागवतं बघा. दुबईत, अमेरिकेत, लंडनमध्ये बसलेला मुलगा किंवा मुलगी कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या आईबाबांसाठी पेटी पाठवते. असं गिऱ्हाईक भावात घासाघीस करत नाही, दरवर्षी येतं, आणि चार मित्रांना सांगतं. त्याला परदेशी नंबर घालता यायला हवा, परदेशी कार्डाने पैसे भरता यायला हवेत (पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीकडे, वेगळी विनंती करून ही सोय चालू करून घ्यावी लागते), आणि पैसे भरणारा एक, पेटी घेणारा दुसरा, असे दोन पत्ते देता यायला हवेत. 'पेटीत चिठ्ठी टाकू का?' असा एक रकाना ठेवा, लोकांना फार आवडतो. जाता जाता, 'अमेरिकेतच पाठवाल का' असंही काही जण विचारतील. 2007 पासून भारतीय आंबा तिकडे जातो, पण विकिरण प्रक्रियेच्या अटीवर आणि ठरलेल्या निर्यात व्यवस्थेतूनच. घरून कुरिअर करता येत नाही. हेही पानावर एका ओळीत लिहून टाका.

विश्वासाचा कागद म्हणाल तर तुमच्याकडे तो आहे आणि तुम्ही तो लपवून ठेवलाय. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण ते नाव रीतसर वापरायला बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. ती तुम्ही केलीय असं तुम्हीच लिहिलंय. मग नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्राचा फोटो पहिल्या पानावर हवा. 'शंभर टक्के अस्सल, नैसर्गिक, कार्बाइडमुक्त' ही वाक्यं प्रत्येक विक्रेत्याच्या वेबसाइटवर असतात, खोट्यांच्या तर ठळक अक्षरांत. क्रमांक सगळ्यांकडे नसतो. आगळ आणि फणसपोळी विकताय तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, 14 अंकी क्रमांकही दिसला पाहिजे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव, हेही द्यावं लागतं. तुमच्या 'संपर्क' पानावर सध्या फक्त एक फॉर्म आहे, आणि तो भरल्यावर कुणाच्या मेलवर जातो हे तुम्हालाही ठाऊक नसेल. एकदा भरून बघा.

साक्याचं काय करता तेही लिहा. वरून सुंदर दिसणारं फळ कापल्यावर आत पांढरट निघतं, यात बागायतदाराचा दोष नसतो, पण गिऱ्हाइकाच्या लेखी त्याचे पैसे बुडालेले असतात. कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत किंवा पुढच्या पेटीत भर, असं जे काही तुमचं धोरण असेल ते स्पष्ट शब्दांत द्या. जो विक्रेता साक्याबद्दल स्वतःहून बोलतो, त्याच्यावर माझाही विश्वास बसतो.

हे सगळं करून घेण्याआधी मात्र एक तपासणी आजच करा: डोमेन कुणाच्या नावावर आहे? तुमच्या वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, ज्या कंपनीकडे नोंदलं आहे त्या खात्याचा लॉगिन तुमच्याकडे आहे, की करून देणाऱ्या मुलाकडे? नोंदणीत ईमेल कुणाचा आहे? नूतनीकरणाची सूचना कुणाला जाते? दहातले निम्मे लहान धंदेवाले इथे अडकलेले सापडतात. मुलगा भला असतो, पण त्याला बंगळुरूला नोकरी लागते, नंबर बदलतो, आणि ऐन एप्रिलमध्ये डोमेनची मुदत संपून वेबसाइट गायब होते. पेट्यांवर छापलेला पत्ता मग दुसऱ्या कुणाच्या हातात. त्या मुलाशी गोडीत बोला, खातं तुमच्या ईमेलवर वळवून घ्या किंवा ट्रान्सफर कोड मागून डोमेन आपल्या खात्यात आणा. होस्टिंग (वेबसाइट जिथे ठेवली आहे ती जागा), वर्डप्रेसचा ॲडमिन आणि पेमेंट गेटवे यांचंही तेच. हे झाल्याशिवाय वेबसाइटवर नवीन पैसा घालू नका.

आता गूगल. सर्च कन्सोल नावाची गूगलचीच फुकट सोय आहे. लोक काय शोधताना तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी टिचकी मारली, हे सगळं तिथे कळतं. सोळा महिन्यांपर्यंतची माहिती राहते. तुमच्या वेबसाइटला ती जोडलेलीच नाही असं दिसतंय. आजच जोडा, कारण जोडल्यानंतरच माहिती नीट साठायला लागते. ती नसताना एसइओ, म्हणजे गूगलच्या निकालांत वर येण्याची खटपट, करायचा म्हणजे डोळे मिटून घळ फिरवण्यासारखं आहे.

तुमच्या सगळ्या पानांची शीर्षकं, म्हणजे गूगलच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसणारी ओळ, 'होम', 'प्रॉडक्ट्स', 'अबाउट अस' अशी आहेत. प्रत्येक पानाला त्या पानाचं शीर्षक द्या. पहिल्या पानाला 'देवगड हापूस आंबा, थेट बागेतून पुणे-मुंबई घरपोच' असं काहीतरी, शेवटी बागेचं नाव. त्या मुलाने कीवर्डच्या लपलेल्या रकान्यात पन्नास शब्द भरून ठेवलेत, त्याचा काही उपयोग नाही. तो रकाना आपण वापरत नाही असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. राहू देत, नुकसानही नाही.

नुसत्या 'हापूस आंबा ऑनलाइन' या शोधासाठी मोठमोठ्या विक्रेत्यांशी भांडत बसू नका. त्यांच्याकडे बारा महिने हेच काम करणारी माणसं आहेत. तुम्ही अशा गोष्टींवर लिहा ज्या फक्त बागायतदाराला नीट सांगता येतात, आणि ज्या तुम्हाला रोज फोनवर सांगाव्याच लागतात. पेटी आली, आंबा हिरवा आहे, आता काय करू? हा प्रश्न हंगामात तुम्हाला किती वेळा येतो? त्यावर एक पान लिहा. गवतात कसा ठेवायचा, थर किती, रोज का चाळायचा, फ्रीजमध्ये कधी ठेवायचा आणि कधी मुळीच नाही, वासावरून कसं ओळखायचं, साल जरा सुरकुतली म्हणजे खराब झाला असं का नाही. हे पान गूगलवरून अनोळखी लोक आणेल, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला फोनवर दहा मिनिटं समजावण्याऐवजी लिंक पाठवता येईल. दुसरं पान: देवगड आणि रत्नागिरी हापूसमध्ये फरक काय. तिसरं: यंदा मोहोर कसा आहे, आंबा कधी सुरू होईल. हे दर जानेवारीत अद्ययावत करा. लोक फेब्रुवारीपासूनच शोधायला लागतात. अशी चार-पाच पानं पुरेत. दर आठवड्याला ब्लॉग लिहाच, असं सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

भाषा तुमचीच ठेवा. सध्याचा 'आम्ही उच्च दर्जाच्या आंब्यांचे अग्रगण्य पुरवठादार आहोत' हा मजकूर इंग्रजीवरून यंत्राने उलथवलेला आहे हे पहिल्या ओळीला कळतं. फोनवर जसं सांगता तसं मोबाइलमध्ये बोलून घ्या आणि भाचीकडून लिहवून घ्या. इंग्रजी पानंही हवीत, कारण मुंबई-पुण्यातले अमराठी गिऱ्हाईक आणि परदेशातली पुढची पिढी इंग्रजीत शोधते. पण ती वेगळी, हाताने लिहिलेली पानं असू देत, आपोआप भाषांतर करणारं बटण नको. रोमन लिपीत मराठी टाइप करून शोधणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. गूगलला ते बऱ्यापैकी समजतं.

हंगामी धंद्यातली एक गोष्ट नीट ऐका. तुम्ही जूनमध्ये आंब्याचं पान काढून टाकता आणि मार्चमध्ये नवीन करता, पत्त्यात नवीन साल घालून. म्हणजे वर्षभरात त्या पानाने गूगलकडे जे काही कमावलं ते दरवर्षी शून्यावर. पान तेच ठेवा, पत्ता तोच, साल पत्त्यात नको. हंगाम संपला की वर लिहा: 'यंदाचा आंबा संपला. पुढच्या हंगामाची पहिली पेटी निघताना कळवू का? नंबर ठेवा.' जून ते फेब्रुवारीत तुमच्या वेबसाइटचं हेच काम. ही नावांची यादी मार्चमध्ये कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त पेट्या विकते.

शहरवार पानांबद्दल एजन्सी तुम्हाला नक्की सांगेल: पुणे, नाशिक, नागपूर, हैदराबाद, पन्नास शहरांची पन्नास पानं, मजकूर एकच, नाव तेवढं बदललेलं. असली पानं गूगलच्या स्पॅम धोरणात बसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ज्या दोन-तीन शहरांत तुमचं पार्सल खरंच नियमित जातं, तिथले दिवस, उतरवण्याची जागा, पार्सल खर्च वेगळे असतील, तर त्या शहरांची वेगळी पानं करा.

गूगल मॅपवरच्या प्रोफाइलबद्दलही विचारलंय. करा, पण त्यातून काय मिळेल ते समजून करा. जवळपासचं दुकान शोधणाऱ्याला गूगल अंतर बघून निकाल दाखवतं, त्यामुळे कोथरूडमध्ये 'जवळचा आंबेवाला' शोधणाऱ्याला देवगडची बाग दिसणार नाही. तुमच्या बागेचं नाव टाकून शोधणाऱ्याला मात्र ती उजवीकडे ठळक दिसेल, नकाशा, फोटो आणि अभिप्रायांसकट, आणि पहिल्यांदा पैसे पाठवणारा माणूस नेमकं तेच बघतो. प्रोफाइलच्या नावात 'बेस्ट देवगड हापूस ऑनलाइन' असं घुसडू नका, नियमात बसत नाही, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणंही चालत नाही. पेटीत एक छोटी चिठ्ठी टाका, एका बाजूला आंबा पिकवण्याच्या सूचना, दुसऱ्या बाजूला अभिप्रायाचा क्यूआर कोड. चार दिवसांनी आंबा गोड निघाला की लोक आपणहून लिहितात. पुण्यात भावाच्या फ्लॅटचा पत्ता टाकून दुसरं प्रोफाइल करायची कल्पना तुमची असेल तर सोडा. तिथे ठरलेल्या वेळी माणूस बसत असेल तरच ते चालतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: डोमेन ताब्यात घ्या, मग दर आणि फोटो, मग ऑर्डरचं पान, मग सर्च कन्सोल आणि ती चार-पाच पानं. हे डिसेंबरअखेर झालं तर मार्चपर्यंत गूगलला ती पानं वाचून बस्तान बसवायला वेळ मिळेल. मार्चमध्ये सुरू केलंत तर या हंगामात गूगलकडून फारशी आशा ठेवू नका.

प्रचाराची सुरुवात जुन्या गिऱ्हाइकांपासून. तुमच्या फोनमध्ये दोन हंगामांतले नंबर आहेत. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचते, म्हणून पेटीतल्या चिठ्ठीवर 'नंबर सेव्ह करा' हेही छापा. वेबसाइट आणि व्हॉट्सॲप यांत भांडण लावायचं कारण नाही. ज्याला व्हॉट्सॲपवरच ऑर्डर द्यायचीय त्याला देऊ द्या, फक्त वेबसाइटवरच्या बटणात आधीच लिहिलेला मजकूर घालून ठेवा: 'नमस्कार, वेबसाइटवरून. पेटी: __ डझन, पिनकोड: __'. गिऱ्हाइकाचा वेळ वाचतो, आणि 'वेबसाइटवरून' या शब्दामुळे वेबसाइटने किती ऑर्डरी आणल्या हे हंगामाच्या शेवटी चॅटमध्ये शोधून मोजता येतं. वेबसाइट कुचकामी आहे असं तुम्ही म्हणताय, पण आज तुमच्याकडे ते मोजायचं साधनच नाही.

पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात तुम्ही पुण्याला स्टॉल लावता असं लिहिलंय. तिथे पिशवीवर वेबसाइटचा क्यूआर कोड हवा, आणि तो थेट दरांच्या पानावर जाणारा. स्टॉलवर चव घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या पेटीसाठी तुम्हाला शोधतो, तेव्हा तुम्ही सापडायला हवेत.

गूगलच्या जाहिराती एप्रिलमध्ये, थोड्या पैशांत करून बघायला हरकत नाही. दोन सेटिंग आधी बघा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये 'त्या भागात असलेले किंवा त्यात रस दाखवणारे' हा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो. तो बदलून फक्त 'त्या भागात असलेले' करा, नाहीतर पैसे भलतीकडे जातात. आणि नको असलेल्या शब्दांची यादी घाला: कलम, रोप, रेसिपी, वाशी बाजारभाव, घाऊक, पल्प. नाहीतर हापूसची कलमं शोधणाऱ्या शेतकऱ्याच्या टिचकीचे पैसे तुम्ही भरत राहाल. मग हिशेब. समजा एका टिचकीला 12 रुपये पडले आणि शंभरातल्या तिघांनी ऑर्डर दिली, तर एका ऑर्डरला 400 रुपये जाहिरातीचे झाले. तुम्हाला पेटीमागे तेवढे सुटत नसतील तर जाहिरात बंद. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फुकट परत येईल असं धरायचं असेल तर धरा, पण निदान एक हंगाम ते खरंच येतात का ते बघून.

राहिली एजन्सी. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. तुमच्या बागेच्या नावाने शोधल्यावर तुम्ही पहिल्या पानावर आजही आहात, मी बघितलं. सहा महिन्यांनी तोच स्क्रीनशॉट दाखवून 90 हजारांची पावती फाटेल. त्यांना एवढंच विचारा: पहिल्या महिन्यात माझ्या वेबसाइटवर नेमकं काय बदलणार ते लिहून द्या, कुठल्या शोधांसाठी आणणार ते लिहून द्या, आणि बाहेरच्या लिंका, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून तुमच्याकडे येणारे दुवे, कुठून मिळवणार. 'आमच्याकडे पाचशे साइटींचं नेटवर्क आहे' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. विकतच्या लिंकांचा फटका त्यांना नाही, तुम्हाला बसेल. मोसंबी-संत्र्याच्या सीझनला ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेले असतील. काम द्यायचंच ठरलं तर सर्च कन्सोलमध्ये त्यांना वापरकर्ता म्हणून जोडा, तुमचा पासवर्ड देऊ नका.

माझ्या मते त्या 90 हजारांपैकी थोडे वर सांगितलेल्या दुरुस्त्यांना लावा. सिंधुदुर्गातच हे काम करणारी मुलं आहेत, एकदाच पैसे घेतात. थोडे एका दिवसाच्या चांगल्या फोटोग्राफीला, काढणी चालू असताना. उरलेले एप्रिलच्या जाहिरातीसाठी बाजूला ठेवा आणि पहिल्या आठवड्याचा हिशेब बघूनच पुढचे घाला.

कोकम आगळ आणि फणसपोळीला सध्या वेगळी पानं नसतील तरी चालेल. आंब्याची पेटी घेणाऱ्याला पैसे भरण्याआधी 'सोबत आगळाची बाटली टाकू का?' एवढं विचारा. पार्सल तसंही जातंयच. काजूगराचं मात्र वेगळं पान करा, त्याला बाराही महिने गिऱ्हाईक असतं आणि तो वाटेत पिकत नाही. सर्च कन्सोल जोडून महिना झाला की त्यातला शोधांचा तक्ता इथे टाका, मग कुठल्या पानाला आधी हात घालायचा ते बघू.